फाळणीत आलेल्या आजीला बोलतं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की आजी नव्वदीला आल्या आहेत, सिंधमधल्या आहेत, आणि मोबाईल समोर धरून 'फाळणीचं सांग' म्हटलं की 'काय सांगायचं त्यात' म्हणून गप्प बसतात. बसणारच. पोरवयात जे घडलं ते येणारा-जाणारा विचारतो आणि त्यापुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं कुणीच विचारत नाही, तर माणूस कंटाळेल नाही तर काय?

माझी नानी सिंधमधल्या शिकारपूरची. वडील आमचे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, आई कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची. (त्या लग्नाचं रामायण वेगळं, ते इथे नको.) नानी गेली तेव्हा ८८ ची होती की ९० ची, हे सांगता येत नाही, कारण निर्वासितांच्या कॅम्पात नोंद करताना तिच्या वडिलांनी वय अंदाजाने ठोकून दिलं होतं.

तिच्या शोकसभेत मामांनी माइक घेतला आणि जे शिकारपूर सुरू झालं ते संपेना. हवेली, ढक बाजार, थेट बुखाऱ्यापर्यंत चालणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हुंड्या, कराचीचं जहाज. मामांचा जन्म इथला, शिक्षण इथलं, शिकारपूर त्यांनी पाहिलंय ते नकाशात. शेवटी म्हणाले, "अम्मां शरीराने इथे होती, जीव तिकडेच राहिला." पुढच्या खुर्च्यांवरचे लोक डोळे पुसायला लागले. मागे, चपला काढल्या होत्या तिथे, कागल-मुरगूडकडच्या बायका उभ्या होत्या. वडापच्या जीपने आलेल्या. त्यांच्या सासवांचे बस्ते नानीने बांधले, त्यांचे बांधले, सुनांचेही बांधले. त्यांच्या हातात काही कुणी माइक दिला नाही.

मी तेव्हापासून मामांशी भांडतेय. ते म्हणतात, मला इतिहासाची किंमत नाही.

इतिहास मलाही माहीत आहे. पंजाब-बंगालचे तुकडे झाले तसे सिंधचे झाले नाहीत, प्रांत अख्खा पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, मग नानीच्या वडिलांनीही कुलूप लावलं. जहाजाने मुंबई, तिथून कल्याणचा कॅम्प, तिथून वळिवडे. वळिवड्याच्या बराकी १९४३ मध्ये पोलंडच्या निर्वासितांसाठी उभ्या केलेल्या. पाचेक हजार लोक होते ते, बायका-पोरंच जास्त. ते गेले आणि सिंधी आले, वस्तीचं नाव गांधीनगर पडलं. नानीला मिळालेल्या खोलीत भिंतीवर क्रूसाची खूण होती. त्याच खिळ्याला तिच्या आईने सिंध्यांच्या देवाची, झूलेलालची, तसबीर लावली. नानी एवढं सांगायची, तेही पोरांनी फारच पिच्छा पुरवला तर, आणि लगेच "चला, दुकान उघडायचंय."

दुकानाचं विचारलं की मात्र थांबायची नाही.

लग्नसराईत गांधीनगरला कधी आला असाल तर गर्दी सांगायला नको. गाद्यांवर साड्यांचे ढीग, आणि नवरीकडची दहा-बारा माणसं त्यातनं वाट काढतायत. आल्याबरोबर नानी पापड आणि पाणी पुढे करायची, सिंधी रीत ती. सकाळी अकराला चहाऐवजी पापड बघून गावाकडच्या बायका पहिल्यांदा एकमेकींकडे बघायच्या. पुढे पुढे मात्र "आक्का, पापड न्हाई का आज?" म्हणून मागून घ्यायला लागल्या.

एकदा गडहिंग्लजकडची एक बाई विहिणीच्या मानपानाला भारी साडी धरून बसली. मामा खूश, बिल फाडायच्याच बेतात. नानीने साडी तिच्या हातातनं काढून घेतली, घडी घातली आणि म्हणाली, "तुझी विहीण ही एक डाव बी नेसणार न्हाई. फुडच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकणार. हिच्यात पैसं कशाला घालतीस? त्यापरीस पोरीच्या शालूत घाल." शालूचं पोत तिने त्या पोरीला डोळे मिटून बोटांनी बघायला लावलं, पदर उलटा करून मागचे धागे दाखवले. बोली अशी की परका माणूस तिला कागलचीच समजायचा. फक्त ळ जमला नाही, वळिवडं शेवटपर्यंत 'वलिवडं'च.

त्या रात्री मामांनी आदळआपट केली. अम्मां धंदा बुडवणार, म्हणाले. तेच मामा माइकवर सांगतात की तिचा जीव इथे नव्हता. जीव नसलेलं माणूस गिऱ्हाइकाच्या पैशापायी पोटच्या पोराशी भांडतं होय?

तर, काय विचारायचं. आजींनी पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचं काय घेतलं, शेजारणीशी कशावरून वाजलं, इकडची भाजी-आमटी कुणी शिकवली, भाव काय होते ते विचारा. भावावरून म्हातारी माणसं खुलतात. मोबाईल समोर धरू नका, बाजूला चालू ठेवून द्या आणि हाताला काम द्या, मटार सोलणं वगैरे. शिकारपूर-लारकाना जे काय असेल ते मधेच आपोआप येतं.

आणि घरात अरबी वळणाच्या सिंधी लिपीतलं काही असेल, पत्रं, वह्या, तर आजी आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या. ती लिपी वाचणारं नंतर शोधत बसावं लागतं. नानीची उधारीची वही होती, अक्षरं उजवीकडून आणि आकडे डावीकडून. मी मोबाईलवर तिचे फोटो काढून गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून घेतले. 'बिद्रीकडची, थोरली बाळंत, ऊसबिल आल्यावर.' 'निपाणीची, नवरा वारला, मागू नये.' पानंच्या पानं अशी. शिकारपूरचं त्यात अक्षर नाही.

आता हेही सांगते की सगळ्यांच्या आज्या सारख्या नसतात. त्या वाटेवर कुणाचं माणूस गेलं असेल, काही भयंकर पाहिलं असेल, तर त्यांचं तोंड बंदच राहील, आणि त्यांना तसंच राहू द्यावं. उलट एखादीला तेच सांगायचं असेल, तर माझं ऐकून दुकान-भाजी विचारत बसू नका, मुकाट ऐका.

मामा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. हवेलीचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावा, तिकडे राहिलेल्या मालमत्तेच्या क्लेमचे कागदही फ्रेम करा. वही तेवढी लॉकरमधून काढून माझ्या आईकडे द्या. कागलची ती मावशी आईला दोनदा विचारून गेली, तिच्या सासूची उधारी शिल्लक आहे का म्हणून. आईने काय सांगायचं तिला?