‘तुमच्या कवितेवर प्रतिक्रिया’: शब्द कोणता, रूप कोणते?

विचारणा अशी आहे: एका साहित्यविषयक ॲपमध्ये लेख, कविता, छायाचित्र आणि चित्रफीत या चारही प्रकारांवर वाचकांना लिहिता येते. डेटाबेसमध्ये या लिखाणासाठी एकच टेबल आहे. प्रत्येक नोंदीत प्रकार आणि त्याचा क्रमांक असतो. पण सूचना ‘तुमच्या कवितावर कमेंट आली’ अशी उमटते. शब्द कोणता घ्यावा, वाक्य कसे सुधारावे?

इथे खरा घोटाळा जोडणीत आहे. कोडने प्रकाराचे नाव उचलले आणि त्याला ‘वर’ चिकटवला. मराठीत आधी नामाचे सामान्यरूप होते आणि ते प्रत्येकाचे निराळे: लेखावर, कवितेवर, छायाचित्रावर, चित्रफितीवर. शेवटच्या शब्दात तर ‘फी’ची ‘फि’ झाली. फीत पोर्तुगीजमधून आलेली, म्हणून तिथे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर ऱ्हस्व होते. उद्या ‘गीत’ हा प्रकार वाढवलात तर तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्यामुळे ‘गीतावर’ दीर्घच राहील. एवढे व्याकरण कोडला शिकवत बसू नका. प्रत्येक प्रकाराचे तयार रूपच साठवा. ‘तुमच्या’ या सगळ्यांआधी तसाच चालतो, ही मोठी सोय. ‘तुमचा लेख प्रसिद्ध झाला’, ‘तुमची कविता प्रसिद्ध झाली’ या सूचनांना ती मिळत नाही, तिथे प्रकारागणिक अख्खे वाक्य लिहावे लागेल.

आता शब्द. टिप्पणीला सरकारी फायलीचा वास आहे, शेरा वरिष्ठांनी मारायचा असतो, आणि ‘वा, सुंदर!’ एवढ्यासाठी अभिप्राय जड होतो. ‘शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ यातली टीका म्हणजे भाष्य; आज मात्र त्या शब्दातून दोष काढणेच ऐकू येते. कमेंट सगळे बोलतात आणि त्यात चूक काही नाही, पण अनेकवचन कमेंट की कमेंट्स, हे ठरत नाही.

मी ‘प्रतिक्रिया’ घेईन. ‘1 प्रतिक्रिया’, ‘25 प्रतिक्रिया’, आकड्यापुढे रूप बदलत नाही. टिप्पणीच्या मात्र टिप्पण्या होतात. ‘अमुक यांनी तुमच्या लेखावर प्रतिक्रिया दिली’ या वाक्यात क्रियापद प्रतिक्रियेप्रमाणे चालते, त्यामुळे लिहिणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे ॲपला माहीत असण्याची गरज नाही. ‘यांनी’मुळे नावालाही प्रत्यय लागत नाही. मात्र ॲपमध्ये हृदय, टाळ्या अशी चिन्हेही देता येत असतील, तर ‘प्रतिक्रिया’ त्यांच्याकडे जाईल. मग लिखाणाला ‘टिप्पणी’च बरी.

छायाचित्राला अभिप्राय, लेखाला प्रतिक्रिया अशी वाटणी करू नका. वाचकाला आपले सगळे लिखाण ‘माझ्या प्रतिक्रिया’ या एकाच नावाखाली सापडायला हवे. प्रतिक्रियेला कोणी उलट लिहिले तर ते ‘उत्तर’, आणि तिथे ‘वर’ जाऊन ‘ला’ येतो: ‘तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर दिले’. म्हणून साठवलेल्या रूपात प्रत्ययही धरा.