वाचकांचे प्रश्न : हजार चुका दाखवणारा तपासनीस

प्रश्न : आम्ही खानापूर आणि निपाणी येथील तिघे मित्र परिसरातील शाळा व वाचनालयांच्या मराठी-कन्नड संकेतस्थळांसाठी वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीची थीम (रूपाचा साचा) तयार करीत आहोत. तिघांची कोड लिहिण्याची पद्धत निराळी असल्याने आम्ही कोड नियमांप्रमाणे आहे की नाही हे तपासणारे पीएचपी कोडस्निफर हे साधन आणि वर्डप्रेसची कोड लिहिण्याची नियमावली बसवून घेतली. परंतु पहिल्याच तपासणीत हजाराच्या वर चुका निघाल्या आणि आम्ही तो नाद सोडला. एवढ्या चुका निस्तरत बसावे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : या सगळ्या चुका आपल्याच आहेत असे समजू नये. कंपोझरने (इतरांचा तयार कोड प्रकल्पात आणणाऱ्या साधनाने) आणलेला ‘व्हेंडर’ फोल्डर किंवा तयार जावास्क्रिप्टच्या फायली तपासणीतून वगळल्या नसतील, तर हे साधन परक्याचा कोडही तपासते आणि त्याचे बिल आपल्या नावावर फाडते. म्हणून प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये नियमावलीची एक्सएमएल फाइल ठेवून त्यात ही वगळणी आधी नोंदवावी, आणि ती फाइल गिटमध्ये (कोडमधील बदलांची सामाईक नोंद ठेवणाऱ्या साधनात) घालावी, म्हणजे तिघांकडे एकच नियम राहतील. त्यानंतर ‘सोर्स’ प्रकारचा अहवाल काढल्यास कोणत्या नियमापोटी किती चुका निघाल्या ते दिसते.

बहुधा सर्वांत मोठा आकडा मोकळ्या जागांचा निघेल. वर्डप्रेसच्या नियमांनुसार ओळ टॅबने आत सरकवायची असते. एखाद्या मित्राचा एडिटर तिथे चार स्पेस देत असेल, तर त्याची जवळजवळ प्रत्येक ओळ चूक ठरते. ही भांगलण हाताने करू नये. सोबत येणारे ‘पीएचपीसीबीएफ’ हे साधन ती आपोआप उरकते. मात्र तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधील वेगळ्या नोंदीत) ठेवावा, अन्यथा खऱ्या बदलांत तो मिसळून नंतर काहीच उमगणार नाही.

जे उरेल ते मात्र माणसानेच वाचावे. वाचनालयाच्या सूचनेचा मजकूर डेटाबेसमधून घेऊन कोणी थेट ‘इको’ केला (पानावर जसाच्या तसा छापला) असेल, तर त्यात दडवलेली स्क्रिप्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते, आणि साधन त्या ओळीवर नेमके बोट ठेवते. तिथे मजकूर निर्धोक करणाऱ्या फंक्शनांपैकी ‘एस्क_एचटीएमएल’ हवे, दुव्यासाठी ‘एस्क_यूआरएल’ हवे की गुणधर्मासाठी ‘एस्क_अ‍ॅट्र’, हे संदर्भ पाहून आपणच ठरवायचे असते.

आपली थीम द्विभाषिक असल्याने आणखी एक नियम आपल्या विशेष कामाचा आहे. थीमचे टेक्स्ट डोमेन (भाषांतरे कोणत्या थीमची हे सांगणारे नाव) नियमावलीत लिहून ठेवल्यास, जुन्या थीममधून उचललेल्या ओळीतील परके डोमेन लगेच पकडले जाते. ते सुटले तर कन्नड भाषांतराची फाइल जागेवर असूनही ‘शोधा’ हे बटण कन्नड पानावर मराठीतच राहते. परंतु भाषांतराच्या फंक्शनविनाच टेम्पलेटमध्ये लिहिलेले मराठी वाक्य हा नियम पकडत नाही. त्यासाठी कन्नड वाचणाऱ्या मित्राने प्रत्येक पान डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

एवढे झाले की तपासणी, ती आपोआप चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सवर लावून प्रत्येक पुल रिक्वेस्टला (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीला) ती बंधनकारक करावी. त्रुटी असल्यास विलीनीकरण थांबावे. निव्वळ इशारे असल्यास थांबू नये, अशी सोय नियमावलीतच करता येते. जुन्या लेखांतील नियमावलीचा मार्ग (पाथ) साधनाला हाताने जोडून देण्याची कृती टाळावी, कारण ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या नियमावलीच्या 3.0 आवृत्तीपासून कंपोझरमार्फतच ती बसवायची आहे.

एखादी ओळ जाणूनबुजून नियमाबाहेर ठेवायची असेल, तर शेजारी ‘पीएचपीसीएस इग्नोर’ची टीप लिहिता येते, तिच्यात नियमाचे नाव आणि कारण दोन्ही असावे. संपूर्ण फाइलच गप्प करणारा मित्र दिसला, तर त्याला चहाला बोलावून विचारावे. तुलनेत स्थिर मूल्य डावीकडे लिहायला लावणाऱ्या ‘योडा’ नियमाचे म्हणाल, तर दोनऐवजी चुकून एकच बरोबर-चिन्ह लिहिले गेल्यास चूक उघडी पडते हा त्याचा फायदा खरा; परंतु मला स्वतःला ती मांडणी वाचायला आडवी वाटते, आणि तिघांचेही तसेच मत पडले तर तो नियम खुशाल वगळावा.