म्हातारी घोडी घरी आणताना

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघं नेरळजवळ शेतघरात राहतो. माथेरानला वर्षानुवर्षं माणसं वाहिलेली एक घोडी सध्या एका संस्थेत आहे; तिला शेवटपर्यंत सांभाळायचं आमच्या मनात आहे. वय २० सांगतात. फार खंगली आहे. गवत चघळते आणि अर्धवट चावलेला गोळा तोंडातून टाकून देते. शेजारी म्हणतात, चंदी वाढवा, अंगानं भरेल. ते बरोबर आहे का? नातवाला तिच्यावर बसवता येईल का? आणि तिची वेळ आली हे ओळखायचं कसं?
— एक वाचक भगिनी, नेरळ

उत्तर : ताई, चंदीचं नंतर बघू. तुम्ही लिहिलेला तो गवताचा गोळा, तिथंच घोडं पेंड खातंय.

घोड्याच्या दाढा हिरडीतून वर येत राहतात आणि चावून चावून झिजतात. पण झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होते. गाल, जीभ सोलवटतात. विशीच्या पुढे दाढ मुळातच संपत येते, हलते, पडते. अशा तोंडाला चंदी वाढवलीत तर घोडी दाणे तसेच गिळेल. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाधलं की थेट पोटशूळ. शिवाय तट्टाला धान्य जास्त झालं की खुरांत दाह होतो, पाय टेकवत नाही.

तेव्हा आधी दात तपासून कानशीनं घासून घ्या. गुरांचे सगळे डॉक्टर हे काम करत नाहीत. घोडे बघणारा डॉक्टर मिळेना, तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. वयाचं म्हणाल, तर वरचा ओठ उचलून पुढच्या दातांतला अगदी कडेचा दात बघा. त्यावर उभी तपकिरी खाच असते. साधारण १० व्या वर्षी ती हिरडीपाशी उगवते, २० ला दातभर होते, मग वरून पुसत जाते; २५ ला खालची अर्धीच उरते. वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, पण विकणाऱ्यानं सांगितलेल्या वयापेक्षा दात बरा.

खायला कडब्याची नाहीतर सुक्या गवताची बारीक कुट्टी, पाण्यात चांगली भिजवून. २५० किलोच्या तट्टाला दिवसाला ४ ते ५ किलो सुका चारा लागतो; तो चार-पाच वेळांत विभागून द्या, पोट लहान असतं. जोडीला भिजवलेला हरभरा मूठ-दोन मूठ, आणि मिठाचा खडा. तुमच्याकडे भाताचा पेंढा मुबलक, पण दाढा नसलेल्या घोडीच्या आतड्यात त्याचा गठ्ठा अडकतो, तो नकोच. पहिल्या पावसानंतरची कोवळी ज्वारीही नको. आणि गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य चुकूनही नाही! त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याला मारतं.

घरी आणण्याआधी संस्थेकडून ग्लँडर्स आणि सर्रा या दोन रोगांसाठी रक्ततपासणीचा कागद मागा. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि सर्रा घोडमाशीमुळे पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज, जनावर झिजत जातं. खंगण्याचं कारण तेही असू शकतं. धनुर्वाताची लस चुकवू नका.

एकटी ठेवू नका. घोडं कळपातलं जनावर. दुसरं घोडं नसेल तर एखादी शेळी चालेल, गाढव असेल तर उत्तमच. अशा जोड्या जमलेल्या मी पाहिल्या आहेत, शेळी चरायला गेली की घोडी दाराशी खिंकाळत उभी.

नातवाला पाठीवर बसवू नका. म्हातारपणी पाठ खाली वाकते आणि माणसं वाहायचं काम तिनं आयुष्यभर केलंय. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोड्यांचं पुढं काय हा प्रश्न मागे उरलाच होता. तुमच्यासारख्यांनी एक जरी घेतलं, तरी ते कामातून सुटलेलं असावं. नातवाला खरारा करू द्या, दोर धरून फिरवू द्या.

शेवटचं. भूक हे पहिलं माप, उठणं हे दुसरं. आडवी झालेली घोडी स्वतःहून उठेनाशी झाली, किंवा दुखण्यानं भिजवलेली कुट्टीही हुंगून सोडू लागली, तर डॉक्टरांना शांत मरण देणाऱ्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट विचारा. लांबवण्यात प्रेम नाही, असं माझं मत. तुम्हाला पटेलच असं नाही. पण पुरायची जागा आजच ठरवा. विहीर-ओढ्यापासून लांब, खोल खड्डा, जेसीबी पोचेल अशी. जुलैत नेरळच्या चिखलात जेसीबी शेतात उतरत नाही, म्हणून ती रस्त्यालगतच बघून ठेवा. आणि इंजेक्शन दिलेलं शव उघडं टाकू नका, कुत्री-गिधाडं मरतात.