चिडवायचं तर स्कोअरवरून चिडवा

मैदानाबाहेरून : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : सर, नमस्कार. मी मँचेस्टर युनायटेडचा कट्टर समर्थक. आमच्या गल्लीत निम्मी पोरं युनायटेडची, निम्मी लिव्हरपूलची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2024-25 च्या हंगामात आमची टीम पंधराव्या नंबरवर गेली आणि लिव्हरपूल चॅम्पियन झालं. लगेच त्यांनी तालमीच्या कट्ट्यावर युनायटेडच्या लोगोला झेंडूचा हार घालून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असा बोर्ड लावला आणि दहाव्याला आमच्याच पैशानं मिसळ खाल्ली. माझ्या वाढदिवसाच्या केकवर 15 आकडा लिहून आणला. इथवर आम्हीही हसत होतो. पण परवा ग्रुपवर वाद वाढला आणि माझ्या धाकट्या भावानं लिहिलं, ‘97 कमीच होते.’ कुठल्यातरी व्हिडिओत त्यानं ते बघितलं होतं. तेव्हापासून लिव्हरपूलच्या पोरांनी आमच्याशी बोलणं टाकलंय. भाऊ म्हणतो, त्यांनी श्रद्धांजलीचा बोर्ड लावला ते चालतं, मग मी मरणावरून बोललो तर का नाही? मला उत्तर देता येईना. चूक कुणाची?
— एक युनायटेडवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : बाळा, चूक तुझ्या भावाची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बरंच लिहिणार आहे.

तुझ्या मित्रांचा बोर्ड मला आवडला. केकवरचा 15 तर फारच आवडला. शाळेत खेळ शिकवला आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिलो, त्यामुळं दोन्ही बाजूंनी काय काय ओरडलं जातं ते सगळं माझ्या कानावरून गेलंय. पेनल्टी हुकली की समोरच्या पेठेची हलगी लगेच कडाडते, तो आवाज ऐकायलाही माणसं स्टेडियमवर येतात. चिडवणं काढून घेतलं तर फुटबॉलची ईर्षा उरणार नाही.

आणि तुमच्या टीमनं त्या वर्षी खेळ तरी कसला केला होता! 38 सामन्यांत 18 पराभव, गुण फक्त 42. 1973-74 ला युनायटेड खालच्या विभागात घसरलं होतं, त्यानंतरची ही सगळ्यात वाईट जागा. युरोपा लीगची फायनल बिल्बाओत हरले 1-0 नं, आणि तीही कुणाकडून, तर लीगमध्ये तुमच्याही खाली, सतराव्या नंबरवर असलेल्या टॉटनहॅमकडून. पुढच्या ऑगस्टमध्ये चौथ्या स्तरातल्या ग्रिम्सबी टाऊननं लीग कपमधून पेनल्टी शूटआऊटमध्ये 12-11 नं घरी पाठवलं. एवढं सगळं घडल्यावर लिव्हरपूलवाल्यांनी तोंडाला कुलूप लावावं, अशी अपेक्षा धरायची नसते.

मी चिडवण्याला उधारी मानतो. आज त्यांनी दिली, ती उद्या व्याजासकट परत करायची. या दोन क्लबांच्या इतिहासात अशा फेडीची उदाहरणं आहेत. लिव्हरपूलनं 1990 साली अठरावं विजेतेपद घेतलं, तेव्हा युनायटेडकडं फक्त सात होती. नव्वदीच्या दशकात युनायटेड जिंकायला लागलं, तेव्हा अॅनफिल्डवर (हे लिव्हरपूलचं मैदान) त्यांच्या समर्थकांनी फलक धरला होता : 18 झाली की मग या. केवढा गुर्मीचा फलक! पण त्यात समोरच्याला उत्तर द्यायला जागा होती. युनायटेडनं 2009 ला 18 पुरी केली आणि त्यांची पोरं अॅनफिल्डवर तोच निरोप परत घेऊन गेली : तुम्हीच म्हणाला होता ना, 18 झाली की या, म्हणून आलो. 2011 ला 19 झाली, 2013 ला 20. मग लिव्हरपूल 2020 ला 19 वर आणि 2025 ला 20 वर. आज दोघंही बरोबरीत. फलक पहिल्यांदा लागला तेव्हा जी पोरं दहा-बारा वर्षांची होती, ती आज स्वतःच्या पोरांना घेऊन मॅचला जात असतील. एवढी वर्षं एक चेष्टा टिकली, कारण ती फेडता येण्यासारखी होती.

मँचेस्टर सिटीचंही तसंच. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, स्ट्रेटफर्ड एंड या गॅलरीला, त्यांच्या समर्थकांनी एक बॅनर टांगला होता. सिटीनं 1976 ला लीग कप जिंकला, त्याला किती वर्षं झाली तेवढाच आकडा त्यावर असायचा. दर वर्षी आकडा एकानं वाढवायचे. सिटीच्या माणसाला दुसरीकडं बघायची सोय नव्हती. 1998-99 ला तर सिटी तिसऱ्या स्तरात खेळत होती, त्याच मोसमात युनायटेडनं एकाच वर्षी तीन मोठे चषक उचलले. तरी मेन रोड या सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर त्यांचे समर्थक सरासरी 28 हजारांच्या आसपास येत राहिले. तिसऱ्या स्तरातली टीम बघायला 28 हजार माणसं! ज्यांची टीम वाईट खेळतेय आणि तरी जे दर आठवड्याला येतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार मोठी जागा आहे. 2011 च्या एफए कपच्या सेमीफायनलमध्ये सिटीनं युनायटेडलाच 1-0 नं हरवलं, पुढं कप जिंकला आणि तो बॅनर उतरवावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर 6-1. कर्ज फिटलं, वर व्याजही मिळालं.

आता 97 वर येतो. तुझ्या भावाला हा आकडा कशाचा ते नीट माहीत नसावं असं मला वाटतं. तेव्हा हे त्याला शेजारी बसवून वाचून दाखव.

15 एप्रिल 1989 ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांची एफए कप सेमीफायनल होती. गेटबाहेर कोंडी झाली म्हणून पोलिसांनी मोठं गेट उघडलं, पण आत आधीच खच्चून भरलेल्या कप्प्यांकडं जाणारा बोगदा त्यांनी बंद केला नाही. पुढं लोखंडी कुंपण, मागून रेटा. माणसं उभ्या उभ्या चेंगरली. मृतांत दहा वर्षांचा एक पोरगाही होता. मेंदूला झालेल्या इजेनं जायबंदी झालेला एक जण 2021 साली गेला, तो सत्त्याण्णवावा. आणि या सगळ्याचं खापर पोलिसांनी मेलेल्यांवर आणि त्यांच्या सोबत्यांवर फोडलं : दारू पिऊन आले, दंगा केला. हे खोटं होतं, हे न्यायालयीन चौकशीच्या ज्युरीनं सांगायला 2016 साल उजाडलं. 27 वर्षं मेलेल्यांच्या आयाबाया कागद घेऊन दारोदार फिरत होत्या. म्हणून लिव्हरपूलच्या माणसाला हा आकडा ऐकवला की त्याच्या अंगाची लाही लाही होते.

उलट बाजूही आहे. 6 फेब्रुवारी 1958 ला म्युनिकच्या धावपट्टीवरच्या बर्फाच्या चिखलातून युनायटेडचं विमान तिसऱ्या प्रयत्नातही उडू शकलं नाही. 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला आणि गेला, वय 21. त्या अपघातावरून हात पसरून विमानाची नक्कल करणारेही स्टेडियममध्ये निघाले, त्यांत लिव्हरपूलचेही होते. त्या विमानात मॅनेजर मॅट बझ्बी होते, मरता मरता वाचले. हे बझ्बी खेळाडू म्हणून लिव्हरपूलकडून खेळलेले आणि तिथं कप्तान राहिलेले. म्युनिकवरून नक्कल करणाऱ्यांना आपण आपल्याच कप्तानाच्या जखमेवर नाचतोय हे कधी कळलं असेल का?

तुझा भाऊ विचारतो, बोर्डात आणि त्याच्या वाक्यात फरक काय? मित्रांनी श्रद्धांजली वाहिली ती टीमच्या फॉर्मला. फॉर्म परत येतो. 19 ऑक्टोबर 2025 ला युनायटेड अॅनफिल्डवर गेलं, 84 व्या मिनिटाला तुमच्या मॅग्वायरनं हेडर मारला आणि 2-1 नं जिंकलं. लीगमध्ये तिथं 2016 नंतर पहिल्यांदा. त्या रात्री बोर्डावरचा हार काढून तुम्ही त्यांच्या गळ्यात घातला असता तर शोभलं असतं. पण 97 माणसांपैकी एकही उठून उत्तर द्यायला येणार नाही. ती उधारी कुणीच फेडू शकत नाही, म्हणून ती द्यायचीच नसते.

इंग्लंडमध्ये हा आता कायद्याचाही विषय आहे. 2023 च्या एफए कप फायनलला एक जण युनायटेडचा शर्ट घालून आला, पाठीवर 97 आकडा आणि वर ‘कमी आहेत’ अशा अर्थाचे शब्द. तुझ्या भावानं व्हिडिओत बघितलं ते बहुतेक हेच. त्या माणसाला अटक झाली, 1000 पौंड दंड आणि चार वर्षं मैदानबंदी. त्याच वर्षी मार्चमध्ये अॅनफिल्डच्या सामन्याआधी लिव्हरपूलचे क्लॉप आणि युनायटेडचे टेन हाग या दोन्ही मॅनेजरनी मिळून आवाहन केलं होतं, की दुर्घटनांवरून गाणी म्हणू नका. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलनं 7-0 नं धुतलं. सात गोल! चिडवायला याच्यापेक्षा आणखी काय लागतं?

भावाला ग्रुपवर नाही, कट्ट्यावर समोरासमोर माफी मागायला लाव. ‘गंमत केली’ असलं काही म्हणायचं नाही. तू सोबत जा, पण त्याच्या वतीनं बोलू नकोस. आणि तुझ्या मित्रांना माझा निरोप दे : त्यानं माफी मागितली की विषय तिथं संपवायचा आणि बोर्ड परत लावायचा.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही कोलकात्यात असतो. शेजारी मोहन बागानचे, समोरचे ईस्ट बंगालचे. मॅच झाली की जिन्यात मासळीवरून टोमणे सुरू होतात. हे एकमेकांचा खरंच द्वेष करतात का?
— एक गृहिणी, कोलकाता

उत्तर : ताई, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी, हा तिथला जुना रिवाज. 2024-25 पर्यंतची काही वर्षं कोळंबीचेच दिवस होते. इंडियन सुपर लीगमध्ये आल्यापासून ईस्ट बंगालनं फार सोसलंय. 2021-22 ला चक्क शेवटचा नंबर, 2024-25 ची सुरुवात ओळीनं सहा पराभवांनी, आणि त्याच मोसमात मोहन बागाननं साखळीत पहिल्या येणाऱ्याची शिल्ड आणि बाद फेरीचा कप दोन्ही नेले. तुमच्या समोरच्यांना त्या वर्षी जिना चढणं जड गेलं असेल.

पण उन्माद चढला की काय होतं, तेही याच शहरानं बघितलंय. 1997 च्या फेडरेशन कप सेमीफायनलआधी मोहन बागानचे कोच अमल दत्त यांनी ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला ‘चमचम’ (बंगाली मिठाई) म्हटलं, त्यांच्याच ओमोलोला ‘ऑम्लेट’. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं जमली आणि बायचुंगनं हॅटट्रिक मारली, निकाल 4-1. याला मी चोख परतफेड म्हणतो.

द्वेषाचं म्हणाल, तर दोन तारखा ध्यानात ठेवा. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच दोघांच्या सामन्यात हाणामारी होऊन 16 जण गेले. त्या दिवशी तिथं दर वर्षी रक्तदान होतं. आणि 18 ऑगस्ट 2024. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीवर झालेल्या अत्याचारानंतर शहर पेटलं होतं, म्हणून ड्युरँड कपची डर्बी रद्द केली गेली. मॅच नसतानाही दोन्ही क्लबांचे समर्थक, सोबत शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहमेडनचेही, सॉल्ट लेकबाहेर न्याय मागायला जमले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तरी हटले नाहीत. बागानवाल्याच्या खांद्यावर बसून ईस्ट बंगालवाला घोषणा देत होता. यावरून काय ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर पुढच्या डर्बीला जिन्यात तुम्हीही एक टोमणा मारून बघा.

प्रश्न : माझ्या मुलीला फुटबॉलचं वेड आहे. तिला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीमची मॅच दाखवायची आहे, पण दोन्हीकडच्या शिव्यांची भीती वाटते. न्यावं की नाही?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : न्याच. मुली आणि बायका गॅलरीत जेवढ्या जास्त बसतील तेवढं बरं. आपल्याकडं समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळं सामने थांबवायची वेळ आलेली आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तालमीची इज्जत सांभाळायची भाषा करायची आणि समोरच्याच्या आईबहिणीवर यायचं, हे मला कधीच पटलं नाही. मैदानात असताना मी कप्तानाला बोलावून सांगायचो, तुझी माणसं गप्प कर, नाहीतर खेळ थांबवतो. बऱ्याचदा कप्तान गॅलरीकडं नुसते हात जोडायचा आणि फरक पडायचा, कारण पोरं त्याचं ऐकतात. मंडळांच्या थोरल्यांनी हेच काम गॅलरीत बसून करायला हवं, तिथं त्यांच्याइतका वचक पोलिसांचाही नसतो.

पहिल्या खेपेला फायनल किंवा दोन मोठ्या पेठांची मॅच निवडू नका. साखळीतला एखादा साधा सामना घ्या, अर्धा तास आधी जा, कुठल्याही मंडळाच्या घोळक्यापासून लांब, मधल्या बाजूला वरच्या पायऱ्यांवर बसा, तिथून सगळं मैदानही दिसतं. टोपी आणि पाणी घ्या, दुपारचं ऊन तोंडावर येतं. आणि कुठल्या तालमीची बाजू घ्यायची ते तिचं तिला ठरवू द्या.