"आमच्याच गुळानं घात केला"

"इन्सुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही ना?" आणि "आमचं काय चुकलं?" हे दोन प्रश्न टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे पालक मला कोल्हापुरात वारंवार विचारतात. पहिला ते डॉक्टरांनाही विचारतात. दुसरा मात्र मनातच ठेवतात आणि मुलाला अधिक जाच होतो तो या दुसऱ्याचाच.

करवीर तालुक्यातला अकरा वर्षांचा एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) साखर एकदम उतरल्याने शाळेत दोनदा चक्कर येऊन पडला होता. दोन्ही वेळा दप्तरातली ग्लुकोजची पुडी तशीच होती, फोडलेलीसुद्धा नव्हती. माझ्यासमोर तो सुई टोचलेले बोट अंगठ्याने दाबत बसला. पुडी का फोडली नाहीस, असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाला, "गोड खाल्लं की पप्पा रडतात."

वडिलांचे गुऱ्हाळ आहे. त्यांच्याशी एकट्याने बोलले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, काहिलीतला गरम गूळ मीच त्याच्या हातावर ठेवायचो. आमच्याच गुळानं घात केला बघा." त्यांनी मुलाचे गुऱ्हाळावर येणे बंद केले होते आणि भावकीत आजाराची वाच्यताही केली नव्हती. आजीने जोतिबाला नवस बोलून नातवाला सांगितले होते, की चैत्राची यात्रा झाली की सुया बंद.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गूळ किंवा मिठाई खाल्ल्याने तो होत नाही. इन्सुलिन ही सवयही नव्हे. शरीरात जे तयारच होत नाही ते बाहेरून द्यावे लागते, आणि १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिले जाण्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. साखर ७० च्या खाली गेली, तर त्या क्षणी गोड हेच औषध असते.

हे सारे वडिलांनी डॉक्टरांकडून ऐकले होते, मानही डोलावली होती. परंतु आजाराला काहीच कारण नसण्यापेक्षा आपला दोष असणे माणसाला सोसायला सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्यांना पुन्हा समजावत बसले नाही, तर "तुझ्या खाण्याने काही झालेले नाही" हे त्यांनी स्वतः मुलाला सांगावे, आणि तेही गुऱ्हाळावर नेऊन सांगावे, एवढेच सुचवले. जोतिबाला जाण्यास माझी हरकत नव्हती, फक्त इन्सुलिनची पिशवी बरोबर हवी आणि डोस चुकता कामा नये.

महिन्याभराने मुलगा आला तो सांगतच, की गुऱ्हाळावर हात थरथरू लागले, तपासले तर ६६ आले, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने पप्पांनी स्वतः काकवी पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा ९४.

आजी मात्र माझ्याशी अजूनही जेवढ्यास तेवढेच बोलतात.