कार्बनचं निर्मूलन की उपसा?

प्रश्न असा आहे: बुटांच्या खोक्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘या बुटांच्या निर्मितीतलं सगळं उत्सर्जन कार्बन निर्मूलन तंत्रज्ञानाने ऑफसेट केलं आहे’ असं वाक्य तयार झालंय. ‘निर्मूलन’ चालेल का, आणि ‘ऑफसेट’ला ‘भरपाई’ म्हणावं का?

‘निर्मूलन’ नको. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. १९८० मध्ये देवीच्या रोगाचं निर्मूलन जाहीर झालं, म्हणजे तो रोगच उरला नाही. इथे मूळ शाबूत आहे. कारखान्याचं धुराडं चालूच आहे. तिथून सुटला तेवढा कार्बन डायऑक्साइड वायू दुसरीकडे कुठेतरी यंत्राने हवेतून काढून घेतला, एवढंच. याला मी ‘उपसा’ म्हणेन. विहिरीतला गाळ उपसला म्हणून नवा गाळ यायचा थांबत नाही, साचलेला कमी होतो. शिवाय उपसा म्हटला की ‘उपसलेलं टाकलं कुठे?’ हे कुणीही विचारतंच, आणि या व्यवहारात कळीचा प्रश्न तोच आहे. आइसलँडमध्ये हवेतून काढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्ट खडकामध्ये सोडतात. दोनेक वर्षांत त्यातल्या बहुतेकाचं खनिज होतं. गाळ विहिरीच्या काठावरच टाकला, तर पहिल्या पावसात तो परत आत.

कुणी म्हणेल, हवेत सुमारे २,४०० रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू. हा कसला उपसा, हे तर खडे वेचणं! खरंय, म्हणून तर त्याला इतकी ऊर्जा लागते. पण ‘कार्बनवेचणी’ माझ्या तरी जिभेवर बसत नाही. धुराड्यातच वायू धरतात त्याला मात्र उपसा म्हणू नये. ते अडवणं.

आता ‘ऑफसेट’. मराठीत हा शब्द ऐकला की आधी छापखाना आठवतो, ते सोडा. ‘भरपाई’ ज्याचं नुकसान झालं त्याला मिळते. इथे पैसे जातात यंत्रवाल्याकडे. त्यापेक्षा हिशेबनिसांचं ‘वळतं करणं’ चपखल आहे: घेतलेली उचल पगारातून वळती केली. त्याला दोन अटी लागतात, खातं एक आणि नाणं एक. टनाला टन, आणि खरोखर हवेतून काढलेला. दुसऱ्या कुणी जंगल तोडलं नाही त्याचं प्रमाणपत्र विकत घेऊन हे होत नाही. शेजाऱ्याने उचल घेतली नाही म्हणून माझी फिटत नसते. नाम हवंच असेल तर ‘वजावट’ आहे.

नाणं एक असावं म्हणताना आणखी एक घोळ: एक टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. बोलताना आपण दोन्हींना ‘कार्बन’ म्हणतो. आकडा छापणार असाल तर पूर्ण नाव लिहा.

आणि खोक्यावर ‘कार्बनमुक्त बूट’ असं काही लिहिण्याचा मोह झाला तर आवरा. रबराचा तळवा, कृत्रिम कापड, डिंक, सगळ्यांचा कणाच कार्बनचा. तो काढला तर खोक्यात फारसं काही उरणार नाही. ‘हवामानावर शून्य परिणाम’ हेही नको. केवळ ऑफसेटच्या जोरावर उत्पादनाबद्दल असा दावा करायला युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात मनाई केली आहे. ती सप्टेंबर २०२६ पासून लागू. ‘निव्वळ शून्य’ (नेट झिरो, म्हणजे हवेत सोडलेल्यातून उपसलेला वजा जाता शून्य) याची तर गंमतच आहे. ताळेबंदात निव्वळ नफा म्हणजे खर्च वजा जाता उरलेला, पण बोलण्यात ‘निव्वळ शून्य’ म्हणजे अगदीच काही नाही!

मी असं लिहीन: ‘हे बूट बनवताना जितका कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तितकाच हवेतून उपसून खडकात साठवला आहे.’ म्हणजे खडकातच साठवला असेल तर. दुसरीकडे कुठे ठेवला असेल, तर ती जागा लिहा.