अर्धवट गारवा सापाला नको

प्रश्न : ताई, आम्ही फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला राहतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने तीन वर्षांचा कॉर्न स्नेक पाळलाय, नाव मक्या. डिसेंबर लागला की मक्या उंदराला तोंड लावत नाही. थंडीत सापाला गार जागी झोपवायचं असतं असं मुलाने वाचलं, हीटिंग पॅड बंद केलं आणि पेटी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. पण इथे थंडी पडतेच कुठे? पुढे त्याला मक्याची पिल्लंही हवी आहेत. काय करू?
- एक आई

उत्तर : आधी पेटी घरात आणा आणि पॅड सुरू करा. बाकीचं मग सावकाश वाचा.

जानेवारीत तुमच्याकडचं गॅरेज दुपारी 70 फॅरनहाइटच्या वर जातं आणि पहाटे उतरतं. सापाच्या बाबतीत मला सगळ्यात भीती वाटते ती या अर्धवट गारव्याची. 85 अंशांची ऊब मिळाली की साप उंदीर पचवतो. 55 अंशांना त्याच्या शरीराचं कामच इतकं मंदावतं की अंगच्या चरबीवर दोन-अडीच महिने निघून जातात. 70 च्या आसपास मात्र दोन्हीकडून नुकसान : पचन धड होत नाही, चरबी जळत राहते, आणि पोटात उंदीर राहिला असेल तर तो तिथेच सडतो. फुप्फुसाचा संसर्गही अशाच दिवसांत गाठतो. मक्या तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकाशी बुडबुडे दिसत असतील, तर सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे लगेच न्या.

आता, मक्याला थंडीची झोप हवीच का? पिल्लं नको असतील तर नाही. ही एकच जात न्यू जर्सीपासून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापर्यंत सापडते. न्यू जर्सीच्या पाइनच्या रानात ती महिनोन् महिने जमिनीखाली दडून असते, तुमच्याकडे मात्र उबदार दिवस आला की ऐन जानेवारीतही बाहेर पडते. वयात आलेले नर हिवाळ्यात बरेचदा खाणं टाकतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. वजन टिकून असेल तर त्याला ऊब आणि पाणी द्या आणि वाट बघा.

पिल्लांसाठी म्हणाल, तर पुढच्या वर्षी नीट तयारीने करा. दक्षिणेकडच्या वाणाची जोडी कधीकधी गारव्याशिवायही जमते, तेव्हा आधी तसंच बघायला माझी हरकत नाही. गारवा द्यायचाच ठरला, तर साप अंगाने भरलेला हवा. हडकुळ्या, आजारी किंवा वर्षाच्या आतल्या सापाला गारव्यात घालू नका. विष्ठा तपासून घ्या. मग तीन आठवडे खाणं बंद, पण ऊब चालूच. हे मुलाला नीट समजावून सांगा, कारण ऊब असेल तरच आतडं रिकामं होतं. त्यानंतर दोनेक आठवड्यांत हळूहळू 55 पर्यंत उतरवायचं.

तुमच्या हवेत यासाठी वाइन ठेवायचा छोटा फ्रिज कामाला येतो. घरातला भाजीचा फ्रिज नको, तो फार गार. वाइनचे स्वस्त फ्रिज बहुधा कॉम्प्रेसर नसलेले असतात आणि खोलीपेक्षा ठरावीक अंशच खाली जातात. गॅरेज तापलं की ते 55 गाठूच शकत नाहीत. म्हणून कॉम्प्रेसरवाला घ्या आणि एसी असलेल्या खोलीत ठेवा. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. तापमापकाचं टोक सापाच्या डब्याजवळ आणि आकडा बाहेर दिसेल असं बसवा, आणि दोन-तीन दिवस फ्रिज रिकामा चालवून बघा. भोकं पाडलेला, घट्ट झाकणाचा डबा, आत लाकडाचा भुसा, न कलंडणारी पाण्याची वाटी. फ्रिजचं दार हवाबंद असतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा मिनिटभर उघडायचं, त्याच वेळी पाणी बदलायचं. पंधरा दिवसांनी वजन. दहावा हिस्सा घटला की झोप तिथेच संपवायची, हा माझा नियम. आठ ते दहा आठवडे पुरतात. मग तसंच हळूहळू वर आणा, नेहमीची ऊब मिळू लागली की काही दिवसांनी पहिला उंदीर द्या, तोही लहानसा.

वादळात वीज जाते तशी हिवाळ्यातही जाऊ शकते. फ्रिज तापून 70 वर आला आणि वीज लवकर येईलसं दिसत नसेल, तर मक्याला पूर्ण जागं करा. पुन्हा गार, पुन्हा गरम असं करू नका.

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथन आहे. पुण्याच्या थंडीत त्याला झोपवू का?
- एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या उष्ण मुलखातला साप. त्याला अशी झोप नसतेच, गारठला तर आजारी पडेल. डिसेंबरच्या रात्री पेटीत थर्मोस्टॅट लावलेली ऊब हवी. आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर साइटीस (वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे, ती केली नसेल तर करा. धामण, मांडूळ, नाग, अजगर या आपल्याकडच्या सापांना घरी ठेवणं तर गुन्हाच आहे. मित्रांपैकी कुणी धामण पाळायचं म्हणत असेल तर त्याला आत्ताच थांबवा.